सासष्टीतला पावसाळी फुटबॉल : चर्चिल ब्रदर्सचं गाव आणि फातोर्ड्याचा स्टँड

६ एप्रिल २०२५. आय-लीगच्या, म्हणजे देशातल्या दुसऱ्या पायरीवरच्या फुटबॉल लीगच्या, मोसमाचा शेवटचा दिवस. श्रीनगरला चर्चिल ब्रदर्स आणि रिअल काश्मीरची १-१ अशी बरोबरी झाली आणि गोव्याचा हा क्लब ४० गुणांवर थांबला. कल्याणीला इंटर काशीने राजस्थान युनायटेडला ३-१ हरवलं, त्यांचे झाले ३९. तिकडे कोळिकोडला गोकुलम केरळ आपल्याच मैदानावर ३-४ हरला, तोही डेंपोकडून. म्हणजे गोव्याच्या एका क्लबचा तिसरा प्रतिस्पर्धी गोव्याच्याच दुसऱ्या क्लबने बाजूला केला. त्या रात्री गुणतक्त्यात सगळ्यात वर चर्चिल ब्रदर्स होते.

१८ जुलैला स्वित्झर्लंडमधल्या लोझानहून क्रीडा लवादाचा निकाल आला. इंटर काशी ४२ गुणांसह विजेते, चर्चिल दुसरे. मधल्या साडेतीन महिन्यांत या लीगचा एकही सामना झाला नव्हता.

आय-लीग जिंकणाऱ्याला इंडियन सुपर लीगचं (आयएसएल), म्हणजे देशातल्या सगळ्यात वरच्या लीगचं, दार उघडायचं, त्यामुळे प्रश्न निव्वळ करंडकाचा नव्हता. मी हे प्रकरण जानेवारीपासून वाचत होते, आणि ज्यांचा हा क्लब त्या लोकांना काय वाटतं ते त्यांच्यात बसून ऐकायचं होतं. त्यातच १३ ऑगस्टला मडगावच्या फातोर्ड्याला आयएसएलमधला एफसी गोवा आणि ओमानचा अल सीब यांच्यात आशियाई चॅम्पियन्स लीग टूच्या (आशियाई क्लबांच्या दुसऱ्या पायरीवरच्या स्पर्धेच्या) गटात शिरण्यासाठी सामना ठरला. बाबांना विचारलं. चिराबाजारात वाढलेले बाबा कूपरेजवर रोव्हर्स कप बघत मोठे झाले. "पाऊस आहे," एवढंच म्हणाले आणि रेनकोट शोधायला उठले.

१२ ऑगस्ट, मडगाव

कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक चालू होतं, गाडी निवांत आली. खिडकीतून रत्नागिरीच्या पुढे जे हिरवं दिसतं त्यासाठी तो उशीर आम्ही आनंदाने घेतला.

राहायची सोय फातोर्ड्याजवळच्या एका घरात केली होती. काकूंनी दार उघडलं ते "खंयच्यान आयल्यात तुमी?" असं विचारतच. मुंबई म्हटल्यावर त्यांनी लगेच धोबीतलावचं नाव घेतलं. त्यांचे वडील बोटीवर कामाला होते आणि दोन बोटींच्या मधले दिवस तिथल्या गावाच्या कुडीत, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक खोलीत, काढत. धोबीतलावच्या जेर महाल इमारतीतल्या त्या गोवेकरांच्या कुडी बाबांना बाहेरून पाठ होत्या, आतून कधीच पाहिलेल्या नव्हत्या. एकेका गावाची एकेक खोली, पत्र्याच्या पेट्यांची रांग, कोपऱ्यात गावच्या संताचं अल्तार. काकू सांगत होत्या आणि बाबा शाळकरी मुलासारखे प्रश्न विचारत होते. सामान दारातच राहिलं.

दुपारी बाजार. मासेमारीची बंदी ३१ जुलैला उठते, त्यामुळे ऑगस्टमध्ये ताजी मासळी पुन्हा दिसू लागते. तरी भिंतीकडेला सुक्या सुंगटांचे, म्हणजे कोळंबीचे, ढीग होतेच, आणि भाजीवालीकडे पावसाळ्यातला टायकिळा. आमच्याकडचा टाकळा तो हाच. रात्री काकूंनी सुक्या सुंगटांची किसमूर केली. भाजलेलं सुकं सुंगट, ओलं खोबरं, कांदा, कोकम. भाताबरोबर बाबांनी ती तीनदा घेतली.

त्याआधी, संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला, रस ऑमलेटच्या गाड्यावर थांबलो होतो. हे खाणं मला गोव्याच्या कुठल्याही महागड्या थाळीपेक्षा जास्त आवडतं. गाड्यावर दोनच भांडी असतात. एका टोपात शाकुतीचा रस्सा मंद आचेवर रटरटत असतो, भाजलेल्या खोबऱ्याचा, खसखशीचा, बडीशेप आणि जायफळाचा वास रस्त्यापलीकडे पोचतो. दुसरा काळा पडलेला तवा. गाडेवाला एका हाताने अंडी फोडतो, कांदा-मिरची-कोथिंबीर घालून पेल्यात चमचा खणखणवतो आणि तव्यावर ओततो. कडा जाळीदार झाल्या की ऑमलेट बशीत, वर रस्सा इतका की ऑमलेट अर्धं बुडतं, त्यावर कच्चा कांदा आणि लिंबाची फोड. बरोबर पाव. पाव मोडायचा, रश्श्यात दाबायचा, भिजून जड झाला की तोंडात. पाऊस गाड्याच्या ताडपत्रीवर वाजत होता आणि आम्ही सहा-सात अनोळखी माणसं कोपराला कोपर लावून उभी होतो.

मी चर्चिलचा विषय काढला. गाडेवाल्याने चमचा थांबवला नाही. "ताई, तो काशीचा सामना झाला जानेवारीत. निकाल लागला जुलैत. मधल्या दिवसांत माझा मुलगा दहावी पास होऊन हायर सेकंडरीत गेला."

जाणाऱ्यांसाठी: हे गाडे संध्याकाळीच लागतात, आणि रस्सा संपला की आवरतात. आठनंतर गेलात तर नशिबावर. सुट्टे पैसे ठेवा.

१३ ऑगस्ट, राय आणि फातोर्डा

सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलच्या भोंग्याने जाग आली. गरम पोई (इथला पाव), लोणी, चहा. मग फोंड्याच्या रस्त्याने जाणारी बस धरून राय गाठलं.

चर्चिल ब्रदर्सने २०२४-२५ च्या मोसमात आपले घरचे सामने राय पंचायतीच्या मैदानावर खेळले. देशातल्या दुसऱ्या पायरीवरच्या लीगचा किताब ज्या मैदानावर जवळजवळ हातात आला ते एका गावाच्या पंचायतीचं मैदान आहे, हे मला तिथे पोचेपर्यंत नीट कळलं नव्हतं. गाव दक्षिण गोव्यातल्या सासष्टी तालुक्यातलं जुनं. इथल्या चर्चमध्ये ५ ऑगस्टला नव्या कणसांचा सण होतो, आम्ही पोचलो तेव्हा तो नुकताच होऊन गेला होता.

पाऊस उघडला तशी दहा-बारा पोरं मैदानात उतरली. निम्मी अनवाणी. चेंडू पाण्याच्या डबक्यात अडकला की सगळी त्याच्यावर तुटून पडायची आणि लाल चिखल मांडीपर्यंत उडायचा. एक मुलगा, वय असेल बारा, डाव्या पायाने चेंडू उचलून डबक्यावरून पलीकडे टाकायचा. ओल्या मैदानावर चेंडू जमिनीने सरकत नाही, तो वरूनच गेला पाहिजे, हे त्याला कुणी शिकवलं असेल तर ते या पावसाने. बाबा पागोळ्यांखाली उभे राहून बराच वेळ त्याच्याकडे बघत होते. "हा कूपरेजवर चालला असता," म्हणाले. त्यांच्या तोंडून हे क्वचित निघतं.

आता ते प्रकरण सांगते, कारण बाहेर चहा घेताना तिथल्या एका निवृत्त शिक्षकांशी बाबांची त्यावरच तासभर चर्चा रंगली.

१३ जानेवारीला नामधारी एफसीने इंटर काशीला २-० हरवलं. पण नामधारीने त्या सामन्यात पिवळ्या कार्डांमुळे निलंबित असलेला एक परदेशी खेळाडू उतरवला होता. काशीने तक्रार केली. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या शिस्तपालन समितीने सामना काशीला ३-० असा बहाल केला. नामधारी अपिलात गेले, अपील समितीने आधी निर्णयाला स्थगिती दिली आणि मोसम संपल्यावर, एप्रिलमध्ये, तो फिरवला. मैदानातला निकाल कायम झाला, चर्चिल विजेते ठरले. काशी लोझानला गेले. गोव्यात चर्चिलच्या हाती करंडक पडला आणि त्याच सुमाराला लोझानहून स्थगितीचा आदेश आला. जूनमध्ये लवादाने नामधारीच्या सामन्याचे तीन गुण काशीला दिले, आणि काशीच्या एका परदेशी खेळाडूच्या नोंदणीबद्दल जी दुसरी तक्रार होती तिचाही निकाल जुलैत काशीच्या बाजूने लागला. ३९ अधिक ३, बेचाळीस.

गुरुजींचं म्हणणं साधं होतं. नियम मोडला नामधारीने. फायदा झाला काशीला. नुकसान कुणाचं, तर ज्याचा त्या सामन्याशी काडीचा संबंध नाही त्या चर्चिलचं. बाबा म्हणाले, "पण गुरुजी, निलंबित खेळाडू उतरवला तर समोरच्याला गुण द्यायचे हा नियम जुना आहे. काशीने आपलं मागितलं." गुरुजींनी मान हलवली. "मागूं दे. पण मला जानेवारीत सांगा ना. मला माहीत असतं की काशीचेही माझ्याइतकेच गुण आहेत, तर श्रीनगरला मी बरोबरीसाठी खेळलो नसतो."

मला यातलं हेच सगळ्यात पटलं, आणि परत आल्यावरही मत बदललेलं नाही. लोझानचा निकाल नियमाला धरून आहे असंच मला वाटतं. पण शेवटच्या सामन्याच्या दिवशी प्रत्येक संघाला आपण तक्त्यात कुठे आहोत हे ठाऊक असलं पाहिजे. त्यावरच प्रशिक्षक ठरवतो की शेवटच्या वीस मिनिटांत बचावपटू बाहेर काढून आघाडीवीर आणायचा की एक गुण घट्ट धरायचा. महासंघाने ते प्रकरण फेब्रुवारीतच निकाली काढायला हवं होतं. अपील टांगणीवर ठेवून सामने चालू दिले तेव्हाच त्या तक्त्याचा आधार गेला, आणि वर लवादाचा निकाल यायच्या आत करंडकही देऊन टाकला.

दुपारी सरींवर सरी. संध्याकाळी मात्र आभाळ जरा हललं आणि आम्ही चालतच स्टेडियम गाठलं.

फातोर्ड्याच्या या मैदानाबद्दल मुंबईकर म्हणून मला माया आहे. मार्च २०२१ मध्ये मुंबई सिटीने आपला पहिला आयएसएल करंडक इथेच उचलला, मोहन बागानला २-१ हरवून, आणि कोविडमुळे स्टँड पूर्ण रिकामे होते. त्यामुळे आज ते भरलेले पाहणं हाच माझ्यासाठी मोठा आनंद. सगळीकडे केशरी. गव्याचं चिन्ह छातीवर. ढोल, आणि दोन गाण्यांच्या मधे कोकणीतल्या अस्सल शिव्या. आमच्या मागे एक आजी नातवाला घेऊन बसल्या होत्या, त्याही यात मागे नव्हत्या.

एफसी गोवा हा तसा नवा क्लब, २०१४ चा. आयएसएलचा करंडक त्यांना एकदाही मिळालेला नाही. २०१५ च्या अंतिम सामन्यात याच मैदानावर ते चेन्नईयिनकडून २-३ हरले, ती जखम इथल्या माणसांना अजून आहे. पण साखळीत ते बहुतेकदा वर असतात. २०१९-२० ची लीग शिल्ड त्यांची, २०२४-२५ मध्ये मोहन बागानच्या ५६ गुणांमागे ४८ गुणांसह दुसरे. मे महिन्यात भुवनेश्वरला जमशेदपूरला ३-० हरवून त्यांनी सुपर कप दुसऱ्यांदा जिंकला, आणि त्याच जोरावर हा आशियाई सामना त्यांच्या वाट्याला आला.

अल सीब हा २०२२ चा एएफसी कप जिंकलेला संघ. पहिली दहा मिनिटं चेंडू त्यांच्याच पायांत. मग देजान द्राझिचने गोल केला आणि आमच्या आसपासचं सगळं काँक्रीट हललं. दुसऱ्या अर्ध्यात हावियर सिव्हेरियोने दुसरा मारला, या मोसमात नव्याने आलेला स्पॅनिश आघाडीवीर. २-० झाल्यावर मागच्या आजी पहिल्यांदा खाली बसल्या. तेवढ्यात ओमानींनी एक फेडला, आणि उरलेला वेळ सगळं स्टेडियम उभंच राहिलं. गोव्याचे बचावपटू चेंडू मिळेल तिथे लांब फेकत होते. एरवी प्रशिक्षक मनोलो मार्केझचा संघ असं खेळत नसे, पण त्या रात्री तेच शहाणपण होतं. शिट्टी वाजली, २-१. बाबांनी शेजारच्या अनोळखी पोराला मिठी मारली.

बाहेर पडताना बोलणं मात्र दुसऱ्याच गोष्टीचं होतं. आयएसएल होणार की नाही? जुलैत आयोजक कंपनीने महासंघाबरोबरच्या कराराचा प्रश्न सुटेपर्यंत पुढचा मोसम थांबवल्याचं क्लबांना कळवलं होतं. आशियात खेळायला पात्र ठरलेला संघ, आणि घरची लीग कधी सुरू होणार याचा पत्ता नाही. एक केशरी शर्टवाला मित्राला सांगत होता, "चर्चिलाक आयएसएलांत वचपाक मेळूंक ना म्हूण रडटाले, आतां आयएसएलूच ना." चर्चिलला आयएसएलमध्ये जायला मिळालं नाही म्हणून रडत होते, आता आयएसएलच नाही.

जाणाऱ्यांसाठी: तिकीट ऑनलाइन आधीच काढा. पाण्याची बाटली आणि छत्री फाटकावर अडू शकते, म्हणून रेनकोट बरा. रात्री सामना संपेपर्यंत बसगाड्या विरळ होतात, त्यामुळे मडगावात किंवा फातोर्ड्यातच मुक्काम ठेवा, नाहीतर परतीची गाडी आधी ठरवा. कदंबचा, म्हणजे सरकारी बसचा, तळ स्टेडियमपासून जवळ आहे, रेल्वे स्टेशन बरंच लांब.

१४ ऑगस्ट, वार्का आणि बाणावली

आजचा दिवस चर्चिलच्या घराचा. क्लब १९८८ चा. चर्चिल आलेमाव यांनी उभा केला, जे १९९० मध्ये अगदी थोड्या दिवसांसाठी गोव्याचे मुख्यमंत्रीही होते. कुटुंब वार्क्याचं. मडगावहून बाणावलीमार्गे बस जाते, भातशेतांच्या मधून, आणि ऑगस्टात ती शेतं अशी काही हिरवी असतात की डोळे दुखावेत. वार्क्याचं पांढरं चर्च पावसात धुतलेलं.

गोव्याचे बाकीचे बरेच मोठे क्लब खाणमालकांचे होते. डेंपो, साळगावकर ही नावंच उद्योगघराण्यांची. चर्चिल मात्र सासष्टीच्या एका राजकारणी घराचा, आणि त्याचा सगळा कारभार घरगुती. त्यातलं चांगलंही क्लबात उतरलं आणि वाईटही. २००८-०९ मध्ये झोरान जॉर्जेविच या सर्बियन प्रशिक्षकाच्या हाताखाली त्यांनी पहिली आय-लीग जिंकली. नायजेरियाचा ओडाफा ओकोली तेव्हा गोल करायचा थांबतच नव्हता. २०१२-१३ मध्ये दुसरी. सुनील छेत्रीही त्या मोसमात काही काळ त्यांच्याकडून खेळला. पुढच्याच वर्षी, जानेवारी २०१४ मध्ये, कोचीला फेडरेशन कप जिंकला आणि त्याच मोसमात लीगमधून घसरून बाहेर पडले. एकाच वर्षात कप आणि घसरण! मग परवान्याचा घोळ, दोन वर्षं अंधार, आणि २०१६-१७ मध्ये पुनरागमन. २०२०-२१ ला गोकुलमएवढेच २९ गुण मिळवले, पण आपसातल्या सामन्यांच्या हिशेबात दुसरे राहिले.

म्हणजे तक्त्याने हुलकावणी देण्याची त्यांची ही पहिली वेळ नव्हे.

बाणावलीत एका छोट्या तावेर्नात, म्हणजे गावच्या दारूच्या दुकानात, दुपार काढली. लाकडी बाक, भिंतीवर सेंट अँथनी आणि त्याच्या शेजारी २००९ च्या संघाचा, ओलीने कडा फुगलेला फोटो. बाबांनी फेणी घेतली, मी सोलकढी. रेशाद मसाला भरलेला बांगडा तव्यावरून थेट आला, बाहेरून काळसर लाल, आतून पांढराशुभ्र, आणि व्हिनेगरचा तो आंबट झटका. तावेर्नाचे मालक सत्तरीचे असतील. त्यांनी फोटोतली एकेक व्यक्ती बोटाने दाखवली. कोण आता आखातात, कोण पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडला, कोण पोलिसांत.

"अंकल, तुम्हाला वाईट नाही वाटलं?" मी विचारलं.

"वायट दिसलें," ते म्हणाले. मग मराठीवर आले, आमच्यासाठी. "पण मी तुला खरं सांगू? मला जास्त वाईट २०१६ ला वाटलं होतं. साळगावकर गेला, स्पोर्टिंग गेला, डेंपो गेला. एका उन्हाळ्यात तीन."

हे तिथल्या प्रत्येक जुन्या माणसाच्या बोलण्यात येतं. आयएसएलला वरची लीग आणि आय-लीगला खालची ठरवायचा प्रस्ताव तेव्हा आला, आणि खालून वर जायची वाट त्यात नव्हती. कितीही जिंका, जागा तीच. पाच वेळा राष्ट्रीय विजेता राहिलेल्या डेंपोने, १९९८-९९ ची राष्ट्रीय लीग आणि २०१०-११ ची आय-लीग जिंकणाऱ्या साळगावकरने आणि स्पोर्टिंगने माघार घेतली. आय-लीगमध्ये गोव्याचा झेंडा चर्चिलने एकट्याने धरला. पुढे आय-लीगच्या विजेत्याला बढती मिळू लागली, डेंपो खालच्या विभागातून खेळत २०२४-२५ ला आय-लीगमध्ये परतला, आणि परतल्याच मोसमात गोकुलमला हरवून त्याने चर्चिलला हातभार लावला. अंकलना ती दुपार मिनिटामिनिटाने आठवत होती. एका फोनवर श्रीनगर, दुसऱ्यावर कोळिकोड. चार गोल डेंपोचे, आणि टाळ्या चर्चिलवाल्यांच्या.

आमच्या मुंबईचा महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला तेव्हा कुठल्या तावेर्नात कुणाचा फोटो राहिला? बाबा परतीच्या बसमध्ये हेच म्हणत होते. २००५-०६ चा राष्ट्रीय विजेता क्लब आणि आज दादर-माहीमच्या पोरांना नावही माहीत नाही.

जाणाऱ्यांसाठी: ऑगस्टात समुद्रात उतरू नका, लाल बावटे उगाच लावलेले नसतात. स्कूटर भाड्याने घेणार असाल तर सासष्टीतले आतले रस्ते सुंदर पण निसरडे. बसने सगळं होतं, वेळ हाताशी ठेवा.

१५ ऑगस्ट, पातोळ्यो आणि वास्को

सकाळपासून घरात हळदीच्या पानांचा वास. १५ ऑगस्टला इथल्या ख्रिस्ती घरांत सायबिणीचं, म्हणजे मेरीमातेचं, फेस्त, आणि त्या दिवशी पातोळ्यो हव्यातच. आपल्याकडे नागपंचमीला करतो त्याच. काकूंनी मला बसवून घेतलं. तांदळाचं वाटण हळदीच्या पानावर बोटांनी पातळ पसरायचं, मधल्या शिरेवर खोबरं-गूळ-वेलचीचं सारण, पान मधोमध दुमडायचं, मोदकपात्रासारख्या उंच भांड्यात वाफवायचं. माझी पहिली जाड झाली. "आनी मात्शी पातळ," काकू म्हणाल्या आणि माझं बोट धरून पसरवून दाखवलं. पान सोलल्यावर शिरांची नक्षी तांदळावर जशीच्या तशी उमटलेली असते. ती न मोडता खाणं अशक्य.

याच सुमाराला क्वालालंपूरला आशियाई चॅम्पियन्स लीग टूच्या गटांची सोडत चालू होती. काकूंचा नातू फोन भिंतीला टेकवून बसला होता. एफसी गोव्याचं नाव निघालं, गट ड. ताजिकिस्तानचा इस्तिक्लोल, इराकचा अल झवरा आणि सौदीचा अल नासर. पोरगा ओरडत अंगणात पळाला. अल नासर म्हणजे ख्रिस्तियानो रोनाल्डो. फातोर्ड्यात! पाच मिनिटांत शेजारची तीन घरं गोळा झाली, हातात पातोळ्यो घेऊनच. पोर्तुगालशी या भूमीचा इतिहास बरा-वाईट कसाही असो, त्या अंगणात त्या क्षणी सगळ्यांना एवढंच कळत होतं की तो चालत दहा मिनिटांवर खेळायला येऊ शकतो.

दुपारी वास्को, टिळक मैदान पाहायला. लोकमान्यांच्या नावाचं फुटबॉलचं मैदान गोव्यात आहे याचं बाबांना फार अप्रूप. साळगावकर आणि वास्को स्पोर्ट्स क्लब यांचं हे शहर. फाटक बंद होतं, रखवालदाराने दोन मिनिटं आत डोकावू दिलं. पावसात चिंब झालेलं गवत, रिकाम्या पायऱ्या, आणि फाटकाबाहेर स्वातंत्र्यदिनाची सुट्टी साजरी करत फुटपाथवर चेंडू मारणारी मुलं.

१६ ऑगस्ट, शिवोली आणि परत

शेवटच्या दिवशी उत्तरेला गेलो, कारण गोव्याच्या फुटबॉलची सुरुवात शिवोलीची सांगतात. १८८३ मध्ये फादर विल्यम रॉबर्ट लायन्स हे ब्रिटिश धर्मगुरू प्रकृती सुधारायला इथे आले आणि त्यांनी मुलांच्या हाती चेंडू दिला. पुढे त्यांनी हडफड्याला शाळा काढली, तिथेही हा खेळ होताच. २०१२ मध्ये गोव्याने फुटबॉलला राज्याचा अधिकृत खेळ केला. शिवोलीत पाहायला म्हणाल तर चर्च, नदी आणि पाऊस, एवढंच आणि ते पुरेसं आहे.

वाटेत आसगाव. नेव्हिल डिसूझा मूळचे इथले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध ४-२ च्या विजयात तीन गोल करणारे ते, खेळले मुंबईतून. बाबांनी त्यांना प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, पण आजोबांनी पाहिलं होतं आणि ते वर्णन आमच्या घरात अजून चालतं. गावात मुद्दाम उतरलो, एका दुकानात चौकशी केली. दुकानदार तरुण होता, त्याने नाव ऐकलं होतं आणि त्याला मेलबर्नही ठाऊक होतं. बाबांनी त्याच्याकडून गरज नसताना दोन पाकिटं काजू घेतले.

थिवीहून संध्याकाळची गाडी.

पुढचं थोडक्यात. २२ ऑक्टोबरला अल नासर फातोर्ड्यात खेळला. रोनाल्डो आला नाही. गोवा १-२ हरला, पण गोव्याचा तो एक गोल ब्रायसन फर्नांडिसचा, इथल्याच मुलाचा. काकूंचा नातू तिकीट काढून गेला होता आणि रोनाल्डो न आल्याचं दुःख त्याला पहिल्या अर्ध्यापर्यंतच टिकलं, असं काकूंनी फोनवर सांगितलं. बाबांना आता डेंपोचा सामना गोव्यात बघायचाय. मी त्यांना मार्च-एप्रिल सुचवलंय, तेव्हा उर्राकही मिळतो, काजूची ती हलकी दारू.